ओरिजनल न्हाय

दस्तगीरमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पाण्याची एक मोटर ऐकत होते. म्हणजे हातभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीच्या अंगावर टेकवलेलं आणि त्याची लाकडी मूठ दातांत घट्ट धरलेली. डोळे मिटलेले, मान थरथरत होती. हा माणूस आता मरतोय अशी माझी खात्री झाली आणि मी दुकानाच्या पायरीवरूनच बोंब मारली, "अहो, करंट!"

मामांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला. मग सावकाश स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढून म्हणाले, "बेरिंग गेलंय हिचं. बसा की पावणं, घाबरताय कशापायी?"

तसा मी चटकन हादरणारा माणूस आहे. माझी बायको म्हणते, कुकरची शिट्टी झाली तरी तुम्हाला नवल वाटतं. पण दस्तगीरमामांनी मला जे धक्के दिले ते कुणालाही बसले असते, आणि त्यातला शेवटचा तर मी अजून पचवतोय.

मी तेव्हा दिवसा राजारामपुरीतल्या एका शाळेत कारकून होतो आणि संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची. मिलिंद कांबळे आमचा गिटारवाला. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा आणि उरलेला सगळा जीव गिटारीवर टाकायचा. त्याची इलेक्ट्रिक गिटार देशी बनावटीची होती. तिच्या तारांखाली जो चपटा डबीसारखा भाग असतो, ज्यात लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात, तो तारांची थरथर पकडून स्पीकरकडं पाठवतो. त्याला पिकअप म्हणतात. कोल्हापुरात पिकअप म्हटलं की लोकांना भाजी नेणारा टेम्पो आठवतो, म्हणून हे सांगावं लागतं. कंपनीनं गिटारीबरोबर दिलेला तो पिकअप वरच्या सुरावर कानात टोचायचा, खालच्या सुरांना त्यात दमच नसायचा, आणि आवाज वाढवला की शिट्टी मारायचा. ती शिट्टी घेऊनच आम्ही मामांकडं गेलो होतो.

मामांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. पंखे, पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटारी, जे जळेल ते त्यांच्याकडं यायचं. जुनी जळकी तार काढायची आणि नवी भरायची हा धंदा. तरुणपणी तेलाच्या घाण्यावर कामाला असल्यामुळं कान निम्मे गेलेले. म्हणून मोटारीचा आवाज ते दातांनी ऐकत. समोरचा काय बोलतो ते निम्मं ओठांवरून ओळखत, आणि ओठ दिसले नाहीत तर सरळ हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवून घेत. गिऱ्हाइकांना त्याची सवय झालेली असायची. माझी हनुवटी धरली तेव्हा मी पुन्हा हादरलो.

मिलिंदनं गिटार जोडली. मामांनी स्क्रूड्रायव्हर पुसला, आमच्या स्पीकरच्या लाकडी पेटीला टेकवला, मूठ दातांत धरली आणि हातानं खूण केली, वाजवा. मिलिंदनं माझ्याकडं बघत बघत एक आवडती चाल वाजवली.

"रिकामी पळतीया," मामा म्हणाले.

"काय?"

"मोटर. पंप जोडला न्हाय, नुसती फिरवली, की कशी वरडती? आवाज मोठा आन आत काय न्हाय. पंप जोडला, पाणी चढाय लागलं, की मग तिचा आवाज जड हुतो. लोडवर आली म्हणत्यात. ही तुमची लोडवर न्हाय."

पिकअपची इतकी नेमकी परीक्षा मी नंतर कधी ऐकली नाही. मिलिंदचं तोंड उघडंच राहिलं. मामांनी अर्थिंगची तार नीट जोडून शिट्टी बंद केली, पण आवाजाचं आपल्या हातात नाही म्हणाले. कंपनीनं भरलंय तसं ते बोलणार.

त्या दिवसापासून आमचं त्यांच्याकडं येणंजाणं सुरू झालं. मामांच्या दोन सवयी मला फार आवडायच्या. एक म्हणजे त्यांचा 'डॉक्टर'. भिंतीवर शंभरचा एक बल्ब होता, त्यातून दोन वायरी बाहेर काढलेल्या. कुठलीही कॉइल आली की त्या वायरींची टोकं तिला लावायची. बल्ब लागला तर कॉइल शाबूत, नाही लागला तर आत कुठंतरी तुटली. "डॉक्टरनं सांगितल्याशिवाय मी हात लावत न्हाय," असं ते नवीन माणसाला ऐटीत सांगायचे.

दुसरी सवय पुडीची. दुसरे मिस्त्री जळकं तांबं ठेवून घेत. मामा मात्र मोटारीतनं काढलेली जळकी तार वर्तमानपत्रात बांधून मालकाच्या हातात देत. पुडीवर जाड पेन्सिलनं लिहीत, 'पाटील. पंप. जळालं.' मी एकदा विचारलं, हे कोळशासारखं झालेलं घेऊन माणसं करणार काय? तर माझी हनुवटी धरून म्हणाले, "तुमचं जळालेलं तुमच्या हातात आलं पायजे. न्हायतर मी काय काढलं आन काय घातलं, ते तुमाला कसं कळणार?"

पुढच्या वर्षी मिलिंदची थोरली बहीण सुट्टीवर आली. अक्का मस्कतला एका दवाखान्यात नर्स होती. भावाची कुरकुर तिनं पत्रांतून वाचलेली. तिथं तिनं तीन शुक्रवारच्या सुट्ट्या घालवून वाद्यांचं दुकान शोधलं, आणि ज्या वस्तूचं नावही तिला नीट घेता येत नव्हतं ती भावासाठी आणली. फॉरेनचा पिकअप. मिलिंद ती डबी आठवडाभर खिशात घेऊन हिंडत होता. ऑफिसातल्या शिपायालाही त्यानं ती हातात धरून बघायला दिली.

काम बदलण्याचंच होतं. जुना काढायचा, नवा बसवायचा. मामांनी परवाचा वायदा केला. मामांचा वायदा कधी चुकायचा नाही, पण परवा गेलो तर दुकान बंद. त्यानंतर 'उद्या या', मग 'शुक्रवारी या'. पंधरा दिवस गेले. मिलिंद रडकुंडीला आला.

पंधराव्या दिवशी मामांनी गिटार दोन्ही हातांनी आणून काउंटरवर ठेवली. शेजारी एक सुपारीएवढी पुडी ठेवली. चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

"मिलिंदराव, आधी एक ऐकून घ्या. ह्यात आता ओरिजनल न्हाय."

मिलिंद तारा जुळवण्यात गुंग. मान वर करून म्हणाला, "नसूच दे की मामा! ओरिजनल ठेवून काय लोणचं घालायचंय त्याचं?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मीही जोरात मान डोलावली.

"तुमाला... चालतंय?"

"चालतंय काय, पळतंय!"

"आन अक्का? अक्का काय म्हणतील?"

"खूश हुईल की! आजच पत्र टाकतो, काम झालं म्हणून."

मामांचे डोळे भरून आले. सगळ्या पेठेला दरडावणारा तो माणूस आमच्यासमोर उभा राहून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. "लई मोठं मन हाय तुमचं," म्हणाले. पुडी त्यांनी मिलिंदच्या मुठीत कोंबली. "हे तुमचं." जुने स्क्रू असतील असं समजून मिलिंदनं ती गिटारीच्या पेटीतल्या कप्प्यात टाकली आणि आम्ही निघालो.

"एका पिकअपसाठी रडतो काय हा माणूस?" बाहेर आल्यावर मी म्हणालो.

"फॉरेनचा माल हाताळायला मिळाला म्हणून भरून आलं त्येला," मिलिंद म्हणाला. मला ते पटलं.

पण मग गिटार वाजली. काय तो आवाज! खालची तार छेडली की पोटात जाणवायची. वरचा सूर टोचत नव्हता, गोल होऊन यायचा आणि रेंगाळायचा. मिलिंदनं जुन्या पिकअपवर वाजवलेली एक चाल आधीच कॅसेटवर भरून ठेवली होती. तीच चाल त्यानं दुसऱ्या बाजूवर नव्यानं भरली आणि ती कॅसेट पुढं कित्येक वर्षं येईल त्याला ऐकवली. एका बाजूला देशी, दुसऱ्या बाजूला फॉरेन. ज्याला फरक कळला नाही त्याची त्यानं सालटी काढली. "बघा, फॉरेन ते फॉरेन. आपल्याकडच्यांनी पंखेच भरावेत," असं तो म्हणायचा, आणि कधीकधी मामांच्या देखतही म्हणायचा. मामा मान खाली घालून ऐकायचे.

मीही मागं नव्हतो. गिटारीचा तुकडा येण्याआधी मी माइकवर गर्जायचो, "आता ऐका, थेट मस्कतहून आलेला आवाज!" टाळ्या पडायच्या.

मामा आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. पन्हाळ्याला कार्यक्रम असला तरी एसटीनं आमच्या आधी पोचून वायरी तपासत बसलेले असायचे. कुठं घूं आवाज नाही, कुठं झटका नाही, सगळं चोख. काम झालं की मात्र स्पीकरपासून लांब, शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. मिलिंद कितीदा म्हणाला, "मामा, स्क्रूड्रायव्हर लावा की एकदा. आता लोडवर हाय का सांगा." मामा हात जोडायचे. "मी कोन सांगणार?" अकरा वर्षांत त्यांनी त्या गिटारीबद्दल बरावाईट एक शब्द काढला नाही.

एकदा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तुमी बी लई झाकून घेताय माझं. एवढ्या लोकांत मस्कत-मस्कत म्हणताय. उपकार हायत तुमचे." मला अर्थ लागला नाही. म्हातारा माणूस, काहीतरी बोलतोय, असं समजून मी हसून म्हणालो, "आमचं कामच हाय ते, मामा."

आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढं ऑर्केस्ट्रा मंदावले. मामांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं, आणि ते कळंब्याला लेकीकडं राहायला गेले. मिलिंदनं नवी चांगली गिटार घेतली आणि अक्काचा तो पिकअप तिच्यात बसवून घ्यायला पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन तो माझ्या दारात उभा. डोळे लाल.

"म्हाताऱ्यानं फसवलं आपल्याला."

पुण्याच्या कारागिरानं पिकअप उघडून भिंगातून बघितला होता आणि म्हणाला होता, यातली तार कंपनीची नाही. हातानं भरलेली आहे. तार गुंडाळायचा साचाही एका बाजूला वितळलाय. मिलिंदनं नव्या गिटारीत तो बसवूच दिला नाही, जुन्याच गिटारीत परत घालून रातोरात परतला होता.

"अक्काचं आतलं काढून कुणाला तरी दिलं असणार त्येनं. म्हणून पंधरा दिवस लावले. म्हणून रडत हुता. अकरा वर्सं मी त्येला मामा म्हणतोय!"

दस्तगीरमामा आणि चोरी? पण कारागीर खोटं कशाला बोलेल? मिलिंद जाब विचारायला निघालाच होता. मी त्याच्या स्कूटरवर मागं बसलो, पेटी मांडीवर घेऊन. त्याला एकट्याला पाठवायची माझी हिंमत नव्हती.

कळंब्याच्या तळ्यापाशी आलो आणि माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. जळकी तार मालकाच्या हातात दिल्याशिवाय ज्याला झोप यायची नाही, तो माणूस...

"थांब. मिलिंद, गाडी थांबव!"

तळ्याच्या कट्ट्यावर पेटी ठेवून मी कप्पा चाचपला. जुन्या तारा, तुटक्या पट्ट्या आणि तळाशी ती पुडी. कागद पिवळा पडलेला. आम्ही कुणी ती उघडली नव्हतीच, वरचं वाचलंही नव्हतं. जाड पेन्सिलनं लिहिलेलं होतं, 'मिलिंदराव. मस्कत. जळालं.'

आत केसाहून बारीक तारेचा करपलेला गुंता होता, मेणात गोळा झालेला.

मी कट्ट्यावर बसलो आणि ते काउंटर, तो दाढदुखीचा चेहरा, ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू यायला लागलं. ह्यात आता ओरिजनल न्हाय. मिलिंदच्या आणि माझ्या भाषेत ओरिजनल म्हणजे गिटारीबरोबर आलेला जुना पिकअप, जो काढायलाच दिला होता. वाइंडिंगवाल्याच्या भाषेत ओरिजनल म्हणजे कंपनीनं भरलेली तार. मोटर एकदा जळून परत भरली की ती ओरिजनल राहत नाही. मामांनी आपली चूक त्यांच्याकडच्या सगळ्यात सरळ शब्दात कबूल केली होती. आणि आम्ही म्हणालो होतो, पळतंय!

मी हे सगळं मिलिंदला सांगितलं.

"म्हंजे त्येनं सांगितलं हुतं."

"दोघांनाही. तोंडावर."

"आन मी लोणचं म्हणालो." मग एकदम त्यानं माझ्याकडं बघितलं. "पर मग एवढी वर्सं मी वाजवलं ते काय? त्यो आवाज कुणाचा?"

मी पुडी परत बांधून खिशात ठेवली. त्याला उत्तर कळलं होतं.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. अंगानं अर्धे झालेले, तोंडात दात नाहीत. नजर अंधुक, पण आम्ही जवळ गेल्यावर मिलिंदला ओळखलं आणि आतल्या लेकीला केवढ्यांदा हाक मारली. "बाहेर ये गं! ह्येच ते मिलिंदराव! अक्कांनी एवढ्या लांबनं आणलेली वस्तू मी जाळली, पर एक शब्द बोलले न्हाईत. चार लोकांत माझं नाव झाकलं. असा माणूस बघून घे!"

लेकीनं वाकून नमस्कार केला. मिलिंद गोरामोरा झाला. मी मागून त्याचा शर्ट ओढला, गप्प बस म्हणून. इतकी वर्षं निभावलंय, आता कशाला? पण मिलिंद मामांपुढं उकिडवा बसला आणि ओठ दिसतील असं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "मामा, मला म्हाईतच न्हवतं. तुमी काय म्हणत हुता ते मला कळालंच न्हाय. आज कळालं."

मामांना दोनदा सांगावं लागलं. मग कळलं. माणसाच्या चेहऱ्यावरून अकरा वर्षांचं समाधान पुसलं जाताना मी कधी बघितलं नव्हतं.

"म्हंजे," ते म्हणाले, "एवढी वर्सं मला माफी न्हवतीच?"

लेक पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, मिलिंद्या, काय केलंस हे.

मामांनी हात पुढं केला. "पुडी हाय?"

मी दिली. ते बाजेचा आधार घेत उभे राहिले. आम्ही बसा म्हणालो, ते ऐकेनात. पुडी तळहातावर घेऊन एकेक शब्द सावकाश बोलले.

"हे तुमच्या अक्कांनी आणलेलं. बसवायच्या आधी मी डॉक्टर लावला. बल्ब लागंना. एवढी बारीक तार असती हे मला ठावं न्हवतं. मला वाटलं हात हलला, म्हणून दाबून धरलं. मेणाचा वास सुटला तवा कळालं. मग दुकान बंद करून बारीक तार हुडकत हिंडलो. शेवटी विजेच्या जुन्या मीटरमधली काढली. साचा भरंल तेवढी भरली, मेणबत्ती वितळवून बुडवली. आतलं चुंबक त्येंचं हाय, बाकी समदं माझं. ओरिजनल-बिरिजनल काय म्हणत न्हाय आता. मी जाळलं. मिलिंदराव, मला माफ करा."

मिलिंदच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मामा, खरं सांगतो. त्या येळला कळालं असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज बी भांडायलाच निघालतो."

"मग भांडा की. मी हाय हितंच."

"जाळलंसा तुमी, मामा," मिलिंद हुंदका देत ओरडला. "माझ्या अक्काचं जाळलंसा!"

"व्हय."

"आन ह्यो आवाज बी तुमीच दिलासा! आन मी तुमच्याच तोंडावर म्हणालो, आपल्याकडच्यांनी पंखेच भरावेत!"

"व्हय, म्हणालासा."

"माफ केलं मामा. तुमी मला करा."

"आता खरं?"

"आता खरं. अक्काला आजच फोन करून समदं सांगतो. ती काय म्हणती ते तुमाला येऊन सांगंन, जसंच्या तसं."

मामा बाजेवर टेकले. मग त्यांनी लेकीला स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितला.

घरात त्यांचा जुना लाकडी रेडिओ होता. त्याच्या मागं गाण्याच्या तबकडीचं यंत्र जोडायची जागा होती, तिथं मिलिंदनं गिटारीची वायर कशीबशी जोडली. मामांना मूठ धरायला दात नव्हते. त्यांनी टोक रेडिओच्या पेटीला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले. मिलिंदनं कॅसेटवरचीच चाल वाजवली, अगदी सावकाश. एका ठिकाणी त्याची बोटं चुकली, तो थांबला, परत सुरुवात केली. मामा ऐकत राहिले. आपण भरलेली तार ते पहिल्यांदाच ऐकत होते.

चाल संपली तरी स्क्रूड्रायव्हर तसाच धरलेला.

"लोडवर हाय की," मामा म्हणाले.

आम्ही चहा पिऊन निघालो. फाटकापाशी पोचलो तर मागून हाक आली, "मिलिंदराव!" वळून पाहिलं. मामा एका हातानं दाराची चौकट धरून उभे होते, दुसरा हात आमच्याकडं लांब केलेला, आणि त्या हातावर पुडी.

"तुमचं ऱ्हायलं."

मिलिंद परत गेला, पुडी घेतली, वरचं सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मामांनी मान डोलावली आणि आत वळले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.